आडनावाचे मूळ : पेण-रोह्याची घराणी आणि स्कॉटलंडची कुळे

पेण, रोहा, पाली, महाड आणि पनवेल या टापूतील आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीची घराणी एके काळी मुंबई-पुण्यापलीकडे फारशी गेली नव्हती. आज त्यांच्या शाखा लंडन, ग्लासगो आणि टोरोंटोपर्यंत पोचल्या आहेत. तिकडच्या शाळांतून मॅकडॉनल्ड किंवा कॅम्पबेल आडनावाची मुले सणासमारंभास आपल्या कुळाच्या चौकडीचे लोकरी वस्त्र नेसून मिरवितात. त्या वस्त्रास टार्टन असे म्हणतात. ते पाहून आपल्या मुलाबाळांच्या मनात साहजिकच प्रश्न उद्भवतो की, आपले आडनाव कोठून आले आणि आपल्या कुळाची खूण कोणती? आडनाव कळविताच मूळपुरुष, कुलचिन्ह आणि मूळ देश सांगणारे छापील दाखले पैसे घेऊन पुरविणारे व्यापारी हल्ली सर्वत्र आहेत, आणि असे दाखले दिवाणखान्यात टांगण्याची हौसही वाढत आहे. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्या स्कॉटलंडचे उदाहरण आपल्यापुढे ठेवले जाते, तेथील इतिहास काय सांगतो हे प्रथम पाहू आणि मग आपल्या घराकडे वळू.

सामान्य समजूत अशी की, स्कॉटलंडमधील प्रत्येक आडनावास प्राचीन काळापासून ठरलेली एक चौकडी आहे आणि ती पाहताच मनुष्याचे कुळ ओळखता येते. चौकडीचे कापड त्या देशाच्या डोंगराळ भागात जुने आहे, यात शंका नाही. परंतु एक आडनाव, एक चौकडी ही व्यवस्था मात्र अर्वाचीन आहे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या रणभूमीवर डोंगरी कुळांचा निर्णायक पराभव झाला. त्या लढाईत राजपुत्र चार्ल्सच्या पक्षाचे लोक ओळखू येत ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलामुळे. चौकडीवरून पक्ष ओळखण्याची सोय तेथे नव्हती, कारण एकाच कुळातील माणसांच्या अंगावर नाना चौकड्या असत. पुढे इंग्रज सरकारने कायदा करून डोंगरी पोशाखावर बंदी घातली. ही बंदी 1782 साली उठली. मधल्या पस्तीस वर्षांत एक संपूर्ण पिढी त्या वस्त्राविना वाढली होती.

बंदी उठल्यावर उत्साह आला आणि उत्साहाबरोबर बाजारही आला. बॅनकबर्न गावच्या विल्सन नावाच्या कापड कारखानदारांकडे चौकड्यांचे शेकडो नमुने होते. त्यांपैकी कित्येकांना आरंभी नुसते क्रमांक किंवा गावांची नावे होती. गिऱ्हाईक कुळाचे नाव मागू लागले, तसतशी कुळांची नावे त्यांना चिकटत गेली. 1815 साली लंडनच्या हायलँड सोसायटीने निरनिराळ्या कुळांच्या प्रमुखांस पत्रे धाडून आपापल्या कुळाच्या चौकडीचा अस्सल नमुना मागविला. तेव्हा मॅकडॉनल्डांच्या प्रमुखाने उलट असे कळविले की, आपली चौकडी नेमकी कोणती हे आपणांस ठाऊक नाही, तरी संस्थेनेच खटपट करून खरा नमुना मिळवून द्यावा! 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने केली आणि सर्व सरदारांनी आपापल्या कुळाच्या वेषात यावे, असा आग्रह धरला. ज्यांच्यापाशी चौकडी नव्हती त्यांनी ती घाईघाईने पैदा केली.

यानंतरची हकीकत अधिक बोधप्रद आहे. सोबिएस्की स्टुअर्ट असे नाव धारण करणाऱ्या दोघा बंधूंनी आपण राजपुत्र चार्ल्सचे नातू आहोत, असा दावा मांडला आणि 1842 साली चौकड्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सोळाव्या शतकातील हस्तलिखितावर आधारलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मूळ हस्तलिखित त्यांनी संशोधकांच्या हाती कधीच दिले नाही आणि पुढे अभ्यासकांनी तो ग्रंथ बनावट ठरविला. तथापि त्यातील अनेक नमुने आजही 'प्राचीन कुलवस्त्र' म्हणून विकले जातात. आयर्लंडची गोष्ट तर याहून अलीकडची आहे. तेथील परगण्यांच्या नावाने जी टार्टने दुकानांतून मिळतात, ती बहुतांशी 1990 नंतरच्या दशकातील कारखानदारांची निर्मिती आहे. 2009 साली स्कॉटलंडमध्ये टार्टनांची सरकारी नोंदवही सुरू झाली. तीत नव्या चौकडीची नोंद कोणासही रीतसर अर्ज करून करता येते. म्हणजे तेथील शासनाने ही कला जिवंत आहे असे मानले. तिला रक्ताचा पुरावा मात्र मानलेले नाही.

मग त्या डोंगरी कुळांत जुनी खूण कोणतीच नव्हती काय? टोपीत वनस्पतीची डहाळी खोवण्याची चाल त्यांच्यात होती. मॅकडॉनल्ड हे माळरानावरच्या हेदर नावाच्या झुडपाची डहाळी लावीत, तर मॅकग्रेगर हे पाइन वृक्षाची. हे वाचून महाराष्ट्रीय वाचकास लग्नातील देवकाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडील अनेक ज्ञातींत कळंब, आंबा, वड, पंचपल्लव अशी झाडांचीच देवके आहेत. दोन्हीकडे मनुष्याने आपल्या आप्तसमूहाची खूण सभोवतीच्या रानातून उचलली. तिला पैसा पडत नव्हता, म्हणून तिची दुकाने निघाली नाहीत.

कापडाची गोष्ट झाली. आता नावाकडे वळू. 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. तेव्हा ही आडनावे तरी रक्ताची साक्ष देत असतील, असे वाटणे साहजिक आहे. परंतु डोंगरी मुलुखात प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी कुळे आणि आश्रयास आलेली माणसे त्याचेच नाव लावीत. मॅकग्रेगर या नावाचे तर विलक्षण झाले. 1603 साली राजाज्ञेने ते नावच बेकायदा ठरविण्यात आले आणि ते न टाकणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. मधला थोडा काळ सोडला, तर ही बंदी 1774 पर्यंत टिकली. त्या अवधीत मॅकग्रेगरांनी मरे, ग्रँट, ड्रमंड, स्टुअर्ट अशी नावे धारण केली. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आपल्या आईचे कॅम्पबेल हे नाव लावीत असे. आयर्लंडमध्ये 1465 साली कायदा झाला की, डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेर या परगण्यांतील आयरिश लोकांनी इंग्रजी धर्तीची आडनावे घ्यावीत. ती गावावरून, रंगावरून, धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून असावीत. त्यामुळे आज स्मिथ नावाचा मनुष्य इंग्रज लोहाराचा वंशज असेल किंवा 'लोहारपुत्र' या अर्थाच्या मॅकगोवन नावाचे भाषांतर करून घेतलेला आयरिश असेल. केवळ नावावरून निवाडा होत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या ग्रँट डफ याचेच उदाहरण घ्यावे. तो 1789 साली स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे जन्मला, तेव्हा नुसता जेम्स ग्रँट होता. साताऱ्याची रेसिडेंटगिरी करून तो स्वदेशी परतला. पुढे 1825 च्या सुमारास आईच्या बाजूची ईडन येथील इस्टेट त्याच्याकडे आली आणि तिच्यासाठी त्याने डफ हे नाव जोडून घेतले. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला तो या नव्या नावाने. जमिनीबरोबर नाव चालते, हा न्याय आपल्या देशमुख-देशपांड्यांस नवा वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या ज्ञातीतील आडनावांचा मोठा वर्ग हुद्द्यांचा आहे. चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार पाहणारा, पोतनीस म्हणजे खजिना सांभाळणारा, कारखानीस म्हणजे कोठारांचा हिशेब ठेवणारा, सबनीस म्हणजे फौजेची हजिरी मांडणारा आणि गडकरी म्हणजे किल्ल्याच्या चाकरीतला. यांतील 'नीस' हा फारसी 'नवीस' या शब्दाचा अवशेष असून त्याचा अर्थ लिहिणारा असा आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून वंशाची व्युत्पत्ती काढावयाची झाली, तर आपले समस्त चिटणीस आणि पोतनीस इराणातून आले असे म्हणावे लागेल! यातून खरोखर निष्पन्न होते ते एवढेच की, आपले पूर्वज निरनिराळ्या राजवटींच्या दप्तरांत लेखणी चालवीत होते आणि त्या दप्तरांची परिभाषा फारसी होती. बाळाजी आवजी यांचे घराणे मूळचे चित्रे. त्यांचे वडील आवजी हरी हे याच मुलुखात जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. बाळाजी आवजी श्रीशिवछत्रपतींचे चिटणीस झाले आणि त्यांचे वंशज चिटणीस या नावानेच ओळखले जाऊ लागले. एका पिढीच्या कर्तृत्वाने आडनाव पालटले.

देशमुख हे नाव याहून उद्बोधक आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुख घराण्यातील आणि आपल्या ज्ञातीचे भूषण. 'लोकहितवादी' गोपाळ हरी देशमुख हे चित्पावन ब्राह्मण. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. विदर्भातील शिक्षणप्रसारक डॉ. पंजाबराव देशमुख हे मराठा आणि त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. 1952 नंतरची काही वर्षे चिंतामणराव आणि पंजाबराव हे दोघेही एकाच वेळी केंद्र सरकारात मंत्री होते, एकाकडे अर्थखाते आणि दुसऱ्याकडे शेती. या तिन्ही देशमुखांत रक्ताचा संबंध काहीही नाही. परगण्याचे वतन हा एकच धागा त्यांच्या नावांत आहे. मुंबई राज्यात परगणा व कुळकर्णी वतने 1950 च्या कायद्याने संपली. वतन गेले, पण नाव राहिले.

दुसरा मोठा वर्ग गावावरून पडलेल्या नावांचा. हे 'कर' आडनाव कोणत्याही एका ज्ञातीच्या मालकीचे नाही. पेणकर आणि रोहेकर ही नावे आपल्या जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजात सुप्रसिद्ध आहेत. रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडे असलेल्या अष्टमीवरून त्यांच्यात अष्टमकर झाले, तसेच किहीमवरून किहीमकर आणि दिव्यावरून दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. 1948 नंतर या समाजाचा बहुतेक भाग इस्रायलमध्ये जाऊन वसला. ज्यांनी भोगावतीचे पाणी कधी पाहिले नाही, अशी मुले आज तिकडे पेणकर हे नाव लावीत असतील. त्यांचा धर्म, त्यांचे पूर्वज आणि त्यांची भाषा यांचा इतिहास निराळा असला, तरी नाव पेणेचे आहे. एका गावाच्या नावाखाली किती निरनिराळी माणसे नांदू शकतात, याचे याहून उत्तम उदाहरण मिळणे कठीण.

या सर्व प्रवृत्ती एकाच घराण्यात पाहावयाच्या असतील, तर प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांच्या घराण्याकडे पाहावे. त्यांचा जन्म 17 सप्टेंबर 1885 रोजी पनवेल येथे झाला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी दिलेल्या हकीकतीप्रमाणे त्यांचे एक पूर्वज मराठेशाहीत नाशिककडील धोडप किल्ल्याचे किल्लेदार होते. पणजोबा पालीस राहत. आजोबा धोडपकर हे नाव लावीत आणि ते पनवेलीस येऊन स्थायिक झाले. वडील पनवेलकर या नावाने ओळखले जात. मुलास शाळेत घालताना मात्र वडिलांनी घराण्याचे त्याहून जुने म्हणून ठाकरे हे नाव नोंदविले. तीन पिढ्यांत तीन नावे झाली, एक किल्ल्याचे, एक गावाचे आणि एक कुळाचे. पुढे इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याच्याविषयीच्या आदरामुळे प्रबोधनकारांनी आपल्या नावाची इंग्रजी अक्षरे त्याच्या नावाप्रमाणे लिहावयास सुरुवात केली आणि तीच रूढ झाली.

एखादा परका संशोधक केवळ ती इंग्रजी अक्षरे पाहील, तर या घराण्याचे मूळ ब्रिटनमध्ये शोधू लागेल. त्यात त्याला पोषक असे योगायोगही सापडतील, कारण तो कादंबरीकार 1811 साली कलकत्त्यास जन्मला होता आणि त्याचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. एवढ्या सामग्रीवर आडनावांचे दाखले विकणारा मनुष्य एक सुरस वंशवृक्ष सहज उभा करील, आणि तो मुळापासून खोटा असेल. गंमत अशी की, त्या इंग्रजी नावाचा उगमही आपल्या 'कर' आडनावासारखाच आहे. थॅकरे घराणे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. छपराच्या शाकारणीस लागणारा बोरू जेथे उगवतो तो कोपरा, अशा अर्थाच्या स्थलनामावरून ते नाव पडले. म्हणजे राजवंश नाही, कुलवस्त्र नाही. आपल्या खाडीकाठच्या एखाद्या बोरूच्या बेटासारखी ती एक जागा होती.

येथे कोणी विचारील की, हा केवळ कुतूहलाचा विषय असताना त्यास एवढे महत्त्व कशास द्यावे? त्याचे उत्तर आपल्या ज्ञातीच्या इतिहासातच आहे. मूळ कोणते, वर्ण कोणता, वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, या प्रश्नांवरून ग्रामण्ये झाली, घरांवर बहिष्कार पडले, लग्नकार्ये अडली. प्रबोधनकारांनी या कलहांचा साद्यंत इतिहास 1919 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 1918 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्ञातीविषयी केलेल्या विधानांस त्यांनी 'कोदण्डाचा टणत्कार' या ग्रंथाने उत्तर दिले होते. ज्या समाजास दुसऱ्यांनी मांडलेल्या वंशकथांचा एवढा जाच झाला, त्याने स्वतः पुराव्यावाचून वंशकथा रचू नयेत आणि विकतही घेऊ नयेत. राजा चंद्रसेन आणि दाल्भ्य ऋषी यांची परंपरा श्रद्धेने सांगावी. परंतु ती श्रद्धा आहे आणि वतनाचा कागद हा पुरावा आहे, हा भेद मुलांना स्पष्ट करून द्यावा.

वतनाच्या कागदांसंबंधी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. त्यांत आपल्या पूर्वजांची नावे आहेत, तशीच जमीन कसणाऱ्या आगरी, कुणबी आणि इतर कुळांचीही आहेत. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला. तो 1933 ते 1939 एवढा काळ चालला. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 च्या कायद्याने ती नष्ट झाली. ज्या नावाचा आपणांस अभिमान वाटतो, तेच नाव दुसऱ्याच्या घरी थकलेल्या खंडाची आठवण म्हणून राहिले असेल. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने हे पान फाडू नये. ते ठेवल्याने घराण्याचा मान कमी होत नाही, आणि वृत्तांताची विश्वसनीयता वाढते.

मग कुळ ओळखावे कशाने? जुन्या जाणत्या मंडळींची रीत अशी होती की, आडनाव ऐकून ते थांबत नसत. मूळ गाव, गोत्र आणि कुलदेवता यांचीही विचारपूस करीत. एकाच नावाच्या दोन घरांची कुलदेवता निराळी निघाली, तर ती घरे बहुधा निराळी. उलट दोन नावांच्या घरांचे गाव, गोत्र व देवता जुळली, तर एका घराच्या दोन शाखा असण्याचा संभव तपासावा. अर्थात देवता हाही अखेरचा पुरावा नव्हे. ताम्हिणीच्या विंझाईस आपली अनेक घराणी जातात. कार्ल्याची एकवीरा ही आपल्या ज्ञातीतील कित्येकांची कुलस्वामिनी आहे, आणि तीच कोळी बांधवांचीही आहे. त्या गडावर प्रभूंची पालखी कोणती आणि कोळ्यांची कोणती, असा भेद देवीने केलेला नाही.

यास्तव पेण-रोह्यातील आणि तेथून बाहेर गेलेल्या प्रत्येक घराण्यास आमची काही आग्रहाची विनंती आहे. घरात जुने रुमाल असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. कोकणच्या पावसाळ्यात ओल आणि वाळवी यांपुढे कागद टिकत नाही, आणि नद्यांचे पूर तर घरेच्या घरे भिजवून जातात. म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र आजच घ्यावे आणि त्याच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. ते कागद बहुधा मोडीत आहेत. घरातील एका तरी मुलाने किंवा मुलीने मोडी वाचावयास शिकावे, कारण वाचणारा नाहीसा झाला की जपलेला कागदही मुका होतो. आडनाव केव्हा, कोणी आणि का बदलले, हे वयोवृद्धांस विचारून वर्षासह टिपून ठेवावे. जे ऐकीव असेल त्यापुढे 'ऐकीव' असे स्वच्छ लिहावे.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. आपल्या बहुतेक वंशावळींत पुत्रांच्या ओळीच तेवढ्या आहेत. लग्न होऊन गेलेली लेक कोठे गेली आणि घरात आलेली सून कोणाची, याची नोंद क्वचित आढळते. स्त्रीचे नाव तर लग्नात दोन्ही अंगांनी पालटे, आडनावही जाई आणि पाळण्यातले नावही जाई. त्यामुळे कुळाचा अर्धा इतिहास आपण स्वतःच पुसून टाकला आहे. नव्या वंशावळीत लेकींची आणि सुनांची नावे त्यांच्या माहेरच्या नावासह अवश्य लिहावीत.

असो. परदेशातील आपल्या नातवंडांनी 'आपले टार्टन कोणते?' असे विचारल्यास त्यांना संकोच न करता सांगावे की, आपले टार्टन नाही, आणि ज्यांचे आहे त्यांच्याकडेही ते फार जुने नाही. मग आपल्या पणजोबांचे गाव, त्यांचे काम आणि पणजीचे माहेर सांगावे. एवढी माहिती खात्रीने सांगता येणारे घर कोणत्याही विकत घेतलेल्या कुलचिन्हापेक्षा आपले मूळ अधिक चांगले जाणते, आणि ती सांगता येत नसेल, तर ती विचारण्यासाठी घरातील वृद्ध मंडळी अजून आपल्यात आहेत तोवरच अवधी आहे.